अँजेलाची चौकशी

इंग्लंडातील कित्येक मद्यगृहांत स्त्रियांच्या प्रसाधनगृहाच्या दाराला आतल्या अंगाने एक साधे पत्रक चिकटविलेले असते. सोबतच्या इसमाचे वर्तन भयप्रद वाटू लागले, तर मद्य देणाऱ्या सेवकाकडे जाऊन अँजेलाची चौकशी करावी, असे त्यात सांगितलेले असते. अँजेला नावाची कोणी बाई तेथे नोकरीस असावयाची गरज नाही. तो परवलीचा शब्द आहे. तो कानी पडताच सेवकाने काही तरी निमित्त काढून त्या व्यक्तीस बाजूस न्यावयाचे, काय हवे ते हळूच विचारावयाचे, आणि मग मैत्रिणीस निरोप धाडणे, टॅक्सी बोलाविणे, त्रास देणाऱ्यास बाहेर काढणे किंवा पोलिसांस पाचारण करणे, यांपैकी जे युक्त असेल ते करावयाचे.

२०१६ साली लिंकनशायरच्या काउंटी कौन्सिलने ही योजना सुरू केली. देवदूताच्या इंग्रजी नावाशी 'अँजेला'चे साम्य उघडच आहे. पुढे लंडनच्या पोलिसांनीही ती उचलून धरली. जर्मनीत म्युन्स्टर शहरी त्याच वर्षाअखेरीस अँजेलाच्या जागी लुइझा आली. अमेरिकेतील फ्लॉरिडात एका उपाहारगृहाने तर 'एंजल शॉट' हे पेयच कल्पिले: नुसते मागितल्यास सेवकाने मोटारीपर्यंत सोबत करावी, बर्फासह मागितल्यास भाड्याची गाडी आणवावी, लिंबासह मागितल्यास पोलिसांना बोलवावे.

इतका आडपडदा कशाला, सरळ ओरडावे की, असे घरी बसून म्हणणे सोपे आहे. तो इसम हातभर अंतरावर बसलेला असतो, वाद्यांचा गलका चाललेला असतो, आणि आपलाच तर काही गैरसमज होत नाही ना, ही शंका मनास खात असते. चारचौघांत तमाशा होईल, किंवा तो चिडून बाहेर पाठलाग करील, ही भीती वेगळीच. अशा वेळी आरोप करण्याचे धैर्य नसले तरी एक क्षुल्लक प्रश्न विचारता येतो. शिवाय हकीकत सांगून ती खरी करून दाखविण्याचा भार त्या क्षणापुरता तरी टळतो, आणि या युक्तीचा खरा गुण हाच होय.

लष्करी छावणीतील परवल बदलत राहते, कारण ती शत्रूस कळून चालत नाही. ही मात्र छापून भिंतीवर लावलेली आहे, आणि आता ती पुष्कळ पुरुषांसही ठाऊक झाली आहे. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्या इसमास शब्दाचा अर्थ कळला, तरी सेवक सावध झालेला असतो. सेवकासच तो कळला नाही, तर मात्र सारेच फसते. २०२४ साली बी.बी.सी.ने लंडनमधील पंचवीस ठिकाणी माणसे पाठवून हा प्रश्न विचारविला, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी त्यांस योग्य प्रतिसाद मिळाला नाही. या धंद्यातील नोकर पुष्कळदा विद्यार्थी किंवा हंगामी असतात व वरचेवर बदलतात. पत्रक मात्र जागच्या जागी राहते. 'अँजेला येथे नाही बुवा!' असे उत्तर एखाद्या नवख्याने निर्मळ मनाने मोठ्याने दिले, तर विचारणारीची स्थिती पहिल्याहून बिकट होते. शिकविलेला सेवक नसेल, तेथे पत्रक नसलेले बरे. महाराष्ट्रातून विलायतेस शिकावयास गेलेल्या मुलींनीही एवढे ध्यानी ठेवावे की, उत्तर देणारा गोंधळलेला दिसला, तर 'मला मदत हवी आहे' असे स्पष्ट सांगावे, किंवा दुसऱ्या सेवकास गाठावे.

बार्सिलोना नगरपालिकेने २०१८ साली निराळा मार्ग धरला. तेथील 'नो कालेम' या नियमावलीत परवलीच्या शब्दावर भिस्त नाही. ती स्वीकारणाऱ्या नृत्यगृहाच्या चालकांनी नोकरांस शिक्षण द्यावयाचे, नोकरांनी स्वतःच नजर ठेवावयाची, प्रसंग घडल्यास प्रथम पीडितेकडे लक्ष पुरवावयाचे, तिला एकटी सोडावयाचे नाही, आणि पुढे काय करावयाचे हे तिच्याच मतावर ठेवावयाचे, असे त्यात सांगितले आहे.