माघार घेणारे सेनापती

इस्लामच्या आरंभकाळातल्या सेनापतींचा विषय निघाला की खालिद बिन वलीद आणि 636 मधला यर्मूकचा विजय आठवतो. पण खालिदचा लौकिक त्याआधीच, 629 मध्ये मुता इथे सुरू झाला होता. तिथे एकामागून एक तीन सरदार पडल्यावर त्याने सूत्रं हाती घेतली आणि उरलेलं सैन्य सोडवून परत आणलं. चढाईपेक्षा माघारीत नेतृत्वाचा कस जास्त लागतो, हे माझं म्हणणं पटवायला अरबस्तानापर्यंत जायलाही नको. केडगावहून दौंडमार्गे नगरची वाट धरली की भीमेपलीकडे मलिक अंबरच्या मोहिमांचा मुलूख लागतो.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीत आला आणि 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर बुडत्या राज्याचा आधार झाला. मोगलांची तोफखान्यासह येणारी जड फौज उघड्या मैदानात गाठण्यात अर्थ नाही, हे त्याला उमगलं होतं. मराठा बारगिरांच्या बळावर त्याने रसद तोडली, छावण्यांना रात्री झोपू दिलं नाही, आणि लढाई कुठे करायची हे आपणच ठरवायचं असा परिपाठ पाडला. 1624 मध्ये विजापूरच्या मुलखातून तो मागे हटला, तेव्हा मोगल आणि आदिलशाही फौजा त्याच्या पाठलागावर आल्या. नगरजवळ भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून वाटा चिखलात बुडवल्या. अन्नाविना हैराण झालेल्या छावणीवर मग हल्ला झाला. आदिलशाही सेनानी मुल्ला मुहंमद लारी त्यात मारला गेला. अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी पडले.

याला कोणी पळपुटेपणा म्हणेल. पण पळणारा परत येत नाही, अंबर दरवेळी आला. 1616 मध्ये रोशनगावला त्याचा दणकून पराभव झाला, त्याने वसवलेली खडकी शत्रूने उद्ध्वस्त केली, पुढे तहात प्रदेशही द्यावा लागला. तरी तो उभा राहिला. त्याचं कारण एकट्या तलवारीत सापडत नाही. जमिनीची प्रत पाहून बसवलेला शेतसारा आणि खडकीला पाणी आणणारी नहर, या दोन्हींमागे पुन्हा उभं राहण्याची तीच तयारी दिसते. सगळं श्रेय मराठा स्वारांचं आणि डोंगरदऱ्यांचं, हा आक्षेप अर्धा खरा आहे. स्वार आणि डोंगर त्याच्या आधीही होतेच की! त्यांना एका धोरणात गुंफणारा मिळायचा होता. जहांगिराने आत्मचरित्रात त्याला शिव्या घातल्या, आणि त्याच्या छिन्न मस्तकावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढवून घेतलं. प्रत्यक्षात न साधलेलं काम चित्रकाराकडून उरकून घ्यावं लागलं, हे मला अंबरला मिळालेलं सर्वांत मोठं मानपत्र वाटतं.

सत्तालोभाचा आरोप मात्र टिकतो. गादीवर सुलतान बसवायचा आणि कारभार आपण हाकायचा, हीच त्याची रीत होती; लखुजी जाधवांसारखे सरदार दुरावले. 1626 मध्ये तो गेल्यावर मुलगा फत्तेखानाला राज्य सांभाळता आलं नाही. 1633 मध्ये दौलताबाद पडलं. शहाजीराजांनी तरीही निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवलं आणि 1636 पर्यंत मोगलांना झुंजवत ठेवलं.