बोनेट वेगळी, इंजिन तेच

पेणच्या बाहेर, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका गॅरेजात तीन गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या: रोह्याची टॅक्सी म्हणून चालणारी डिझायर, जुनी इंडिका व्हिस्टा आणि एक फियाट पुंटो. तिन्हींचे नंबर एमएच-०६. इंजिनावरच्या प्लास्टिकच्या झाकणांवर मात्र तीन नावं: डीडीआयएस, क्वाड्राजेट, मल्टिजेट. मिस्त्रींनी झाकणं उचलून बाजूला ठेवली. खाली एकच इंजिन होतं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह.

फियाट आणि जनरल मोटर्सच्या भागीदारीतलं हे डिझेल इंजिन २००३ मध्ये पोलंडच्या कारखान्यातून बाहेर पडलं. आपल्याकडे सुझुकीने ते मानेसरला बनवलं आणि २००७ मध्ये स्विफ्टमध्ये बसवलं. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला फियाट-टाटांच्या कारखान्यातही ते तयार होऊ लागलं. मग व्हिस्टा, मांझा, लिनिया, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा. शेवरोलेच्या बीटसाठी तर चारातला एक सिलिंडर वजा केला. १२४८ चे तीन चतुर्थांश म्हणजे बरोबर ९३६ सीसी. नवं इंजिन उभं करायचं म्हणजे साचे, यंत्रं आणि चाचण्या यांत पैसा ओतावा लागतो. एवढ्या गाड्यांवर तो वाटला गेल्यामुळेच छोट्या मोटारीत कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने उच्च दाबावर इंधन फवारणारं, डिझेल परवडलं.

डिझायर आली होती सकाळच्या खडखडीची तक्रार घेऊन. मिस्त्रींनी बोनेटवर हात टेकून नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "चेन सैल झालीय." या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिचा ताण धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी किंवा जुनं झालं की चेन ढिली पडते. तिच्यापर्यंत पोचायला इंजिन जॅकवर तोलायचं, त्या बाजूचं माउंटिंग सोडायचं, खालचा ऑइलचा चेंबर उतरवायचा, मगच पुढचं कव्हर निघतं. त्याआधी दोन्ही कॅमशाफ्ट पिना लावून जागच्या जागी अडकवायचे. टायमिंग एवढंसं जरी सरकलं, तरी वरचे रॉकर तुटतात. मिस्त्री पिना बोटाने पुन्हा पुन्हा हलवून बघत होते. ही पिनांची जोडी त्यांनी पूर्वी एका पुंटोसाठी घेतली होती, आज ती डिझायरमध्ये बसली. रॉकर, बेअरिंग, रिंगा, चेन किट यांच्या बाबतीत गाडीवरचा बिल्ला ते बघतच नाहीत.

वेगळं असतं ते भोवतालचं: माउंटिंग, पाइप, वायरिंग, टर्बो. साध्या टर्बोवर हे इंजिन ७५ हॉर्सपॉवर देतं, एर्टिगासारख्या गाडीत व्हेरिएबल टर्बोवर ९०. हा फरक ड्रायव्हरला सुकेळी खिंडीत कळतो. भरलेली डिझायर दोन हजार आरपीएमच्या खाली आली की दम टाकते, गिअर खाली घ्यावाच लागतो. इंजेक्टर बदलला तर त्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो. नुसता पाना फिरवून ते काम होत नाही.

मला या सगळ्यात मोठी वाटते ती मिस्त्रींची तयारी. हे इंजिन आलं तेव्हा कॉमन रेलची भीती वाटावी असे दिवस होते. प्रत्येक कंपनीचं इंजिन निराळं असतं तर तालुक्याच्या गॅरेजात एकेक क्वचितच उघडलं गेलं असतं, आणि रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांतल्या कामगारांची ने-आण करणाऱ्या गाडीला दुरुस्तीसाठी पनवेल गाठावं लागलं असतं. एकच इंजिन पुन्हा पुन्हा हाताखालून गेलं, म्हणून कान तयार झाला. कंपन्यांनी वाचवला तो आपला खर्च. पण त्यातून पेण-रोह्याच्या हातांना मिळालेली ही विद्या मला त्या बचतीहून मोलाची वाटते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाले. मारुतीने डिझेल सोडलं आणि हे इंजिन आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून गेलं. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना मात्र चेन लागतच राहणार.

कव्हर सीलंट लावून बसलं, नवं ऑइल पडलं. दोन सेल्फमध्ये इंजिन लागलं आणि खडखड गेली. रोहेकर मालकाने पैसे मोजले, तेव्हा मिस्त्रींनी ऑइलची पट्टी काढून त्याच्या हातात दिली आणि वरची खूण दाखवली. "दादा, दर आठवड्याला ही बघायची. ऑइलची बत्ती लागायची वाट बघू नका."