परागकोशातील जोड्या

बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला डेंगळे येऊन त्यांच्या टोकांवरील गोंडे पापुद्र्यातून नुकते डोकावू लागतात, तेव्हा सकाळी खुडलेल्या कळ्या तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात टाकल्या म्हणजे त्यांतील प्रत्येक पेशीचे जीवन जेथल्या तेथे थांबते; आणि मग निरनिराळ्या क्षणी थांबलेल्या या पेशींचा अनुक्रम लावून गुणसूत्रांच्या हालचालीचा तपास आपणच करावयाचा असतो.

पिवळ्या पडलेल्या परागकोशात विभाजन केव्हाच उरकलेले असते. काचेसारखा, किंचित हिरवट असा कोवळा कोशच कामाचा. तो ॲसेटोकार्मिनच्या थेंबात लोखंडी सुईने फोडावा (लोहाच्या अंशाने रंग गडद चढतो, म्हणून सुई लोखंडीच हवी), कोशाची सालपटे वेचून काढावीत, आच्छादक काच ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर ऊब द्यावी, आणि काच तसूभरही सरकणार नाही अशा बेताने टिपकागदावरून अंगठ्याने दाबावे.

अगदी कोवळ्या कोशात पेशीकेंद्र बारीक धाग्यांच्या गुंत्याने भरलेले दिसते. ही लेप्टोटीन अवस्था. प्रत्येक गुणसूत्राची प्रत आधीच तयार झालेली असूनही धागा एकेरीच भासतो. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे एक विलक्षण कृत्य याच सुमारास घडते: स्पो११ नावाच्या प्रथिनाकरवी पेशी आपलाच डीएनए ठिकठिकाणी मुद्दाम तोडते, आणि तुटलेली टोके समजात गुणसूत्रावर आपल्याशी जुळणारा मजकूर शोधू लागतात. वंशाचा सारा ठेवा ज्यात साठवला आहे, त्यालाच छेद देऊन जोडीदार शोधण्याची ही तजवीज मला या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. पुढे झायगोटीनमध्ये गुणसूत्रांची टोके केंद्रपटलाच्या एका बाजूस एकवटतात आणि जोड्या लागत जातात.

पॅकिटीनमध्ये जोडी पूर्ण जुळून धागे जाड होतात. त्यांना सांधणारी प्रथिनांची चौकट मोझेस आणि फॉसेट यांनी १९५६ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्वतंत्रपणे पाहिली. कांद्याचे धागे मात्र इतके लांब, की एकाचा माग टोकापासून टोकापर्यंत काढणे दुरापास्त. त्यासाठी मका बरा. गुणसूत्रांचे तुकडे खरोखरच अदलाबदल होतात, याचा प्रत्यक्ष दाखला क्रेटन आणि मॅक्लिंटॉक या विदुषींनी १९३१ साली मक्यावरूनच दिला.

डिप्लोटीनमध्ये जोडीदार एकमेकांपासून दूर सरतात, परंतु काही ठिकाणी गुंतलेलेच राहतात. हे कायाझ्मा म्हणजे देवघेवीच्या खुणा, असा अर्थ यान्सेन्स यांनी १९०९ साली लावला होता. आपल्या कांद्यात ते गुणसूत्रभर विखुरलेले आढळतात, तर त्याच्या वेल्श कांदा या निकटच्या नातलगात ते गुणसूत्रबिंदूशेजारी एकवटतात, आणि त्यामुळे तेथील जोड्या क्रुसाच्या आकाराच्या दिसतात.

पाठ्यपुस्तके या देवघेवीचे प्रयोजन वैविध्य एवढेच सांगून पुढे जातात. ते खरेच आहे. परंतु काचपट्टीशी बसणाऱ्याला तिचे दुसरे कार्य अधिक निकडीचे वाटल्यावाचून राहत नाही. जोडीदारांना पुढील विभाजनापर्यंत एकत्र धरून ठेवणारा बंध हाच असतो. म्हणून डायाकायनेसिसमध्ये, गुणसूत्रे आखूड व ठसठशीत झाली असता, आठ जोड्यांची हजेरी नीट घ्यावी. एखाद्या पेशीत सात जोड्या आणि दोन सुटी गुणसूत्रे भरली, तर ती दोन्ही एकाच ध्रुवाकडे जाण्याचा संभव असतो, आणि मग त्या पेशीपासून होणाऱ्या परागकणांपैकी काहींत आठाऐवजी सात, काहींत नऊ गुणसूत्रे उतरतात.