उबेचा हिशेब

दर डिसेंबरात एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात निफाडची बातमी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा इतक्या इतक्या अंशांवर उतरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, गव्हा-हरभऱ्याला मात्र ही थंडी मानवणार. आणि सोबत शेकोटीभोवती उकिडव्या बसलेल्या माणसांचं छायाचित्र. मी ती दरवर्षी दोनदा वाचतो. पहिल्यांदा बातमी म्हणून. दुसऱ्यांदा वाचताना मला १९८७ सालचा डिसेंबर दिसू लागतो.

त्या साली मी निफाड तालुक्यातल्या एका बँकशाखेत अधिकारी होतो. थोरली साडेपाच वर्षांची, धाकटा अडीचचा. महिन्याच्या सुरुवातीलाच साताऱ्याहून तार आली. सासूबाई पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं. इस्पितळात रात्रंदिवस माणूस हवं. तिथे दोन लहान मुलं कुठे ठेवणार? तेव्हा ही एकटीच गेली. दिवसा मुलांकडे शेजारच्या आक्का बघतील, सकाळ आणि रात्र माझी, असं ठरलं. एसटीच्या खिडकीतून ही सूचना देत होती आणि मी ‘हो, हो’ म्हणत होतो. पाच हजार खात्यांची शाखा सांभाळणाऱ्याला दोन पोरं काय जड, असं मला खरोखरच वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी थोरलीने शाळेचा फ्रॉक अंगाला लागताक्षणी किंकाळी फोडली. “गार आहे!” दोरीवरचा फ्रॉक डिसेंबरात गारच असणार, असा युक्तिवाद मी केला. त्यावर ती म्हणाली, “आई रात्री गोधडीत ठेवते.” लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी त्याच खोलीत झोपत होतो. पण मुलीच्या गोधडीच्या घडीत दुसऱ्या दिवशीचा फ्रॉक ऊब धरत पडलेला असतो, याची मला गंधवार्ता नव्हती.

मग अशा एकेक गोष्टी उघड होऊ लागल्या. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, हे शाळेत शिकलो होतो. पण त्यासाठी पहाटे बाटली बंबाजवळ ठेवावी लागते, तीही झाकण सैल करून, हे कुणी शिकवलं नव्हतं. बंबासाठी सव्वापाचला उठायचं. आदल्या दिवशीची राख काढायची, जाळीवर नारळाची शेंडी आणि वर द्राक्षाच्या छाटणीच्या वाळक्या काड्या. काड्या भरभर जळून जातात, म्हणून मध्ये एखादी बाभळीची ढलपी. पाणी तापेस्तोवर टॉवेल बंबाच्या पोटाला लपेटून ठेवायचा. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते, त्यामुळे त्याच्या अंगातली ऊब मोठ्या माणसापेक्षा लवकर निघून जाते; हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की, धाकट्याला न्हाऊ घालून मी टॉवेल शोधायला आत गेलो, तर परत येईपर्यंत त्याचे दात वाजायला लागलेले असत.

रात्रीची तऱ्हा आणखी वेगळी. तीनच्या सुमाराला अंथरूण ओलं. ओली गोधडी काढा, सुकी घाला, चड्डी बदला, तोवर तो झोपेतच कुडकुडत माझ्या पोटाशी शिरे. निफाडची थंडी कोरडी आणि दुपारचं ऊन कडक, त्यामुळे गोधडी संध्याकाळपर्यंत वाळून खडखडीत होई, एवढीच काय ती कृपा. दोघांचे गाल फुटले होते. आक्का त्यांना कोकमाचं तेल चोळत आणि बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा देत. मुलं त्यांच्याकडे मजेत होती. रात्री मात्र थोरली न चुकता विचारी, “आई कधी येणार?” आणि मी न चुकता म्हणे, “क्लोजिंग झालं की.”

हे क्लोजिंग आता सांगावं लागेल. तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपे. ३१ मार्च आला तो १९८९पासून. आमच्या शाखेत संगणक नव्हता. बचत खात्यांचं व्याज हाताने काढायचं आणि लेजरांच्या बेरजा जनरल लेजरशी पैशापर्यंत जुळवायच्या. त्या रात्री २७ रुपयांचा फरक निघाला. फरकाला नवाने भाग गेला की बहुधा आकडे उलटे पडलेले असतात, हे प्रत्येक बँकवाल्याला ठाऊक असतं. कुठे पडलेत, हे शोधण्यातच दीड वाजला. ५२चे २५ झाले होते.

दोन वाजता घरी आलो. आक्का मुलांपाशी लवंडल्या होत्या, त्या उठून आपल्या घरी गेल्या. खोली बर्फासारखी. धाकटा खोकत होता. आक्कांनी त्याला ओव्याचा शेक दिला होता, त्या शेगडीत थोडे निखारे शिल्लक होते. मी त्यावर ओंजळभर कोळसा घातला, ठिणग्या उडायच्या थांबल्यावर शेगडी आत आणून ठेवली, खिडकी गच्च लावली आणि दाराखालच्या फटीत पोतं सारलं. कुठूनही वारा येणार नाही, याची खात्री करून झोपलो. जुळलेल्या लेजरचं समाधान होतंच.

“बाबा, डोकं दुखतंय,” या आवाजाने जाग आली. थोरली बसल्या जागी ओकली. मी उठायला गेलो तर गुडघे भुईला टेकले. माझंही डोकं ठणकत होतं. जागरण असेल, रात्री बँकेत खाल्लेली भजी असतील, असलं काहीतरी मनात येत होतं, आणि भजी मुलीने खाल्लीच नव्हती हे काही केल्या लक्षात येत नव्हतं. धाकट्याला हलवलं. तो उठेना. तेवढ्यात आक्का दूध घेऊन आल्या. दार कसं उघडलं ते मला आठवत नाही.

“काय भट्टी लावली का काय साहेब घरात!” त्यांनी आधी खिडकी उघडली, शेगडी पायाने ढकलत बाहेर नेली, आणि धाकट्याला नुसत्या सदऱ्यावर उचलून अंगणात उभ्या राहिल्या. ज्या थंडीपासून मी त्याला रात्रभर वाचवत होतो, त्याच थंडीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो रडला.

डॉक्टरांनी दोन्ही मुलांना दुपारपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं. कोंडलेल्या खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट धरतो. मुलांचा श्वास जलद, म्हणून बाधा त्यांना आधी. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, ही माझी समजूत नेमकी उलटी होती. धगधगते, बिनधुराचे निखारेच फसवतात. आता बंब मोडीत गेले, पण झरोका नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गीझरही हाच वायू सोडतो, आणि हिवाळ्यात तशा बातम्या वाचाव्या लागतात.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस ही परत आली. धाकट्याचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे, सगळं साग्रसंगीत. बोरं वेचणाऱ्या पोरांच्या गर्दीत तो खदखदून हसत होता आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. हिला सांगायचं ठरवलं होतं. त्या दिवशी जमलं नाही. पुढेही जमलं नाही. बदल्या झाल्या, मुलं मोठी झाली. पहाटे बंब मात्र मीच पेटवत राहिलो, बंब होता तोवर.

२०१४च्या डिसेंबरात थोरली बाळंतपणाला नाशिकला आमच्याकडे आली. बाळाच्या शेक-धुरीसाठी माळ्यावरची शेगडी खाली आली, तीच. मी म्हटलं, ही खोलीत न्यायची नाही. “अहो बाबा, सगळ्यांकडे देतात,” मुलगी म्हणाली. मी आवाज चढवला. तो मी सहसा चढवत नाही. दोघी बघत राहिल्या. मग सत्तावीस वर्षांपूर्वीची ती पहाट मला सांगावी लागली, बाळ झोपलेलं असल्यामुळे हळू आवाजात.

ही झबल्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “आक्कांनी मला आल्या दिवशी स्टँडवरच सांगितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणार होते. चांगलीच बोलणार होते. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, तर तुम्ही बंबातली राख काढत होतात.”

शेगडी पुन्हा माळ्यावर गेली. ओव्याची पुरचुंडी स्वयंपाकघरात तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहून, खोलीत आणून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आणि रात्री बाळाचं दुसऱ्या दिवशीचं झबलं गोधडीत ठेवायचंही.