एका पुडीत अडीच लाख टँकर

बारीक मिठाचा एकच कण बोटाच्या टोकावर घ्या. वजन साधारण ०.०६ मिलिग्रॅम. दोनशे लिटरची तीन पिंपं काठोकाठ भरा आणि त्या सहाशे लिटर पाण्यात तो कण विरघळू द्या. तुमच्या जिभेला काही कळायचं नाही. पण तो कण मिठाऐवजी अॅट्राझिन या तणनाशकाचा असेल, तर त्या पाण्यात वाढणाऱ्या बेडूकमाशाच्या अंगाला कळतं.

बर्कली विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी २००२ साली हे प्रसिद्ध केलं. अब्जात ०.१ भाग, म्हणजे वरच्या कणाइतकंच, आणि त्याहून जास्त अॅट्राझिन असलेल्या पाण्यात त्यांनी बेडूकमासे वाढवले. त्या मात्रेपासून वरच्या पाण्यांत १६ ते २० टक्के पिल्लांच्या जननग्रंथी बिघडलेल्या निघाल्या. काहींच्या पोटात वृषणं आणि अंडाशय दोन्ही. अब्जात १ भागाला नरांचं स्वरयंत्रच आक्रसलं. ज्यानं पावसाळाभर ओरडून मादीला बोलवायचं, त्याचा गळाच लहान!

त्यांचाच २०१० चा प्रयोग तर वाचताना दोनदा तपासावासा वाटतो. ४० बेडूक, सगळे जनुकांनी नर, जन्मापासून अब्जात २.५ भागांच्या पाण्यात. त्यातले चार माद्या झाले. नुसत्या दिसायला नव्हे: त्यातल्या दोघी नरांशी जुळल्या, अंडी घातली, पिल्लं झाली. दोन्ही पालक जनुकांनी नर, म्हणून पिल्लंही झाडून सारी नरच. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात अॅट्राझिनची मुभा आहे अब्जात ३ भागांपर्यंत.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००७ मध्ये, उत्पादकानं करवून घेतलेल्या अभ्यासांच्या आधारे, बेडकांच्या जननग्रंथींवर परिणाम होत नाही असा निर्वाळा दिला. युरोपीय संघानं मात्र अॅट्राझिन भूजलात सापडतं म्हणून त्याआधीच परवानगी काढून घेतली होती. मला विचाराल तर युरोपचा हिशेब शहाणपणाचा.

आता आपल्या बांधावर या. मक्यात, उसात तण उगवायच्या आत मारतात ती पांढरी भुकटी हीच. अर्धा किलोच्या पुडीत निम्मं, म्हणजे २५० ग्रॅम, अस्सल औषध. ते अब्जात ०.१ भागाइतकं पातळ करायला २५० कोटी लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचा एक, असे अडीच लाख टँकर. प्रत्येकी सात मीटर धरून एकामागे एक उभे केले तर रांग १७५० किलोमीटर: पुण्याहून निघून दिल्ली ओलांडून पुढे. आणि ही एक पुडी. मक्याच्या जेमतेम एकरभराची.

सगळंच काही ओढ्यात जात नाही. बरंचसं माती धरून ठेवते, जिवाणू हळूहळू मोडतात. पण रिकाम्या पुडीच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेली एक ग्रॅम भुकटीही पाचशे टँकरांना पुरते. तेव्हा पुडी ओढ्यावर धुऊ नका. धुवण पंपातच ओता आणि त्याच शेतात मारून टाका.