चौघांत वाचलेले शास्त्र

शास्त्र एकट्याने वाचणे निराळे आणि चौघांत बसून वाचणे निराळे. एकट्याने वाचताना अडलेला शब्द ओलांडून पुढे जाता येते. चौघांत तसे चालत नाही. कोणीतरी मध्येच हात वर करतो आणि विचारतो, "याचा अर्थ काय? आणि हे आपल्याला लागू कुठे पडते?" ख्रिस्ती समाजात उपासना आटोपल्यावर किंवा संध्याकाळी कामधाम उरकल्यावर काही स्नेही एकत्र बसतात, बायबलातील एखादा उतारा वाचतात आणि त्यावर मोकळेपणाने बोलतात. या बैठकांचा सारा जीव त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आपल्याकडे श्रावणात पोथी लागते तेव्हा एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकतात. येथे अर्थ सांगणारा नेमलेला नसतो. त्यामुळे चर्चा पुष्कळदा भरकटते, हे मान्य केले पाहिजे. पण शेतकऱ्याला शेतातले, सुईणीला बाळंतिणीचे आणि रेल्वेतल्या माणसाला गाडीचे जे ज्ञान असते, ते या बैठकीत शास्त्राच्या शेजारी येऊन बसते. आणि कधी कधी पंडिताला न सुचलेली गोष्ट ते सुचवून जाते.

उदाहरणांसाठी आम्ही शिरूर-दौंडचा मुलूख निवडला आहे, तो उगीच नव्हे. शिरूर, म्हणजे जुन्या लोकांचे घोडनदी, येथे एके काळी इंग्रजी फौजेची छावणी होती. १८३१ साली अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) बस्तान बसवलेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढच्या दशकात शिरूरलाही आपले ठाणे केले. दौंड तालुक्यात केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. तेव्हा बायबल हा ग्रंथ या मातीला नवखा नाही. आणि माती म्हटली की पहिला उतारा पेरणाऱ्याच्या दाखल्याचा घ्यावा हे बरे.

दाखला मत्तयाच्या १३ व्या अध्यायात आहे. एक माणूस पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडते ते पाखरे टिपतात. काही खडकाळीवर पडते ते उगवून करपते. काही काटेरी झुडपांत गुदमरते. आणि चांगल्या जमिनीतले बी तीसपट, साठपट, शंभरपट पीक देते. शहरातला वाचक येथे लगेच तात्पर्याकडे धावतो. शिरूरकडचा शेतकरी मात्र अडतो, आणि त्याचे अडणे रास्त आहे. ज्याने पाभरीच्या चाड्यावर मूठ धरली आहे, त्याच्या दृष्टीने वाटेवर बी सांडणारा माणूस पेरणारा नव्हेच, तो उधळ्या. पाभरीचे बी नळ्यांतून तासात पडते, वाटेवर नाही. मग सांगावे लागते की पॅलेस्टाइनात त्या काळी बी हाताने फोकून पेरीत, त्यामुळे चार दाणे इकडेतिकडे जाणारच.

एवढे सांगितले की शंका फिटते, पण बोलणे संपत नाही. ज्याची जमीन मुरमाड आहे असा कोणीतरी म्हणतो, "खडक हा काय त्या जमिनीचा गुन्हा?" प्रश्न साधा दिसतो, पण तो दाखल्याच्या गाभ्याला हात घालतो. कारण जमिनी म्हणजे ऐकणाऱ्यांची मने, असा अर्थ त्याच अध्यायात पुढे दिलेला आहे. आणि मन जर जन्मतःच मुरमाड असेल तर त्याला बोल कशाचा लावणार? यावर उत्तरही शेतातूनच येते. तळ्यातला गाळ गाड्या गाड्या वाहून माळावर टाकला, बांध घातले, दगड वेचले की माळावरही ज्वारी येते. आमच्या दुष्काळी पट्ट्यात हे कोणाला सांगावे लागत नाही. दाखल्यात गाळाचा उल्लेख नाही. पण मन हे सुधारता येणारे रान आहे, हा विचार चर्चेने दाखल्यात घुसडला असे आम्ही म्हणणार नाही. दाखल्याला तो पेलवतो.

खमिराच्या दाखल्याचे असेच होते. तीन मापे पिठात बाई खमीर मिसळते आणि सगळे पीठ फुगते. भाकरी खाणाऱ्या घरात पीठ फुगवण्याचे कारणच पडत नाही. "विरजण" म्हटले की चुलीशी बसलेली बाई एका क्षणात समजते.

शब्दाची ही अडचण ज्यांनी आयुष्य वेचून ओळखली त्या रमाबाईंविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचून निर्वाह करी. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे, की ते वाचन संस्कृतात चाले आणि लोकभाषेत अर्थ सांगण्याची रीत त्यांच्या घरी नव्हती; नुसते कानांवर पडले तरी पुण्य, अशी समजूत होती. म्हणजे ज्या मुलीने लहानपणी न समजणाऱ्या श्रोत्यांपुढे ग्रंथ वाचले, तीच बाई पुढे ख्रिस्ती झाल्यावर (१८८३) समजेल अशा ग्रंथासाठी झटली. १८९६-९७ च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा केडगावी आणल्या. त्यांतल्या पुष्कळींना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या हाती देण्याजोगे बायबल हवे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून साध्या मराठीत सगळे बायबल उतरवण्यास बसल्या. या कामात त्यांची शेवटची कितीतरी वर्षे गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापून झाला.

या भाषांतराचा प्रसार फारसा झाला नाही. मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले, आणि रमाबाईंची वाक्यरचना मुळाला इतकी चिकटलेली आहे की ती काही ठिकाणी अवघडते. तरीही आमच्या मते त्यांनी नेमका प्रश्न ओळखला होता. शब्द जर ऐकणारीच्या घरातला नसेल, तर ती तो घरात लागू तरी कसा करणार?

आता ज्या उताऱ्यासाठी आम्ही मुख्यतः हा विषय घेतला त्याकडे येऊ. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेची मागणी आहे. मत्तयाच्या ग्रीक पाठात तेथे "देणे" या अर्थाचा शब्द आहे. इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी ही प्रार्थना म्हणताना तेथे "अपराध" घालतात. मराठी बायबलाने "ऋण" हा शब्द राखला आहे. हा शब्द फार चांगला मिळाला आहे. कारण पितृऋणही ऋणच आणि सावकाराचे देणेही ऋणच. परंतु म्हणूनच शिरूर तालुक्यात तो उच्चारणे सोपे नाही.

याच तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने एका देशमुखावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला आणि त्याला गाव सोडावे लागले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा पेटला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तेही वर्ष हेच. दंगेखोरांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता. त्यांना खतपत्रे हवी होती, जाळण्यासाठी. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले होते ते नंतर कोसळले, फेरजमाबंदीने सारा वाढला, आणि पतपुरवठा आखडला. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला.

हा इतिहास पाठीशी असताना चौघे स्नेही मत्तयाचा १८ वा अध्याय वाचतात. राजाने एका चाकराला १०,००० तालांतांचे देणे सोडले; त्याच चाकराने बाहेर पडताच आपल्या सोबत्याला १०० दिनारांसाठी नरडीला धरले. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे ६,००० दिनार. हिशेब मांडून पाहावा. सोबत्याचे देणे शंभर दिवसांच्या मजुरीचे. चाकराचे देणे ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला ३०० दिवस राबले तर २ लाख वर्षांचे. हा आकडा फळ्यावर लिहिला की बैठकीत हसू उमटते, आणि मग हळूहळू थांबते.

करड्याची कथा ज्याला ठाऊक आहे तो सहजच म्हणतो, की दुष्ट चाकर म्हणजे सावकार. पण हा अर्थ घाईचा आहे. खेड्यातला लहान सावकार स्वतः मोठ्या पेढ्यांचा देणेकरी असे. वरून तगादा आला की तो खाली नरडी धरी. दाखल्यातला चाकरही असाच मधला माणूस आहे. आणि मधला माणूस कोण नाही? मजुरांचा मुकादम आहे, बचत गटाची अध्यक्षा आहे, पतसंस्थेत मित्राला जामीन राहिलेला शिक्षक आहे. बैठकीतल्या चौघांतही एक हातउसने घेतलेला आणि एक दिलेला असा असतोच. त्या संध्याकाळी ते दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत.

येथे पुष्कळ मंडळी पळवाट काढतात: "हे पापांविषयी आहे, पैशांविषयी नव्हे." पापांविषयी आहे हे खरेच. पण बायबल पैशालाही सोडत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात सातव्या वर्षी कर्जे सोडावी असे सांगितले आहे. २४ व्या अध्यायात तर सावकारीचे बारकावे आहेत. जाते गहाण घेऊ नये, कारण तो माणसाच्या जिवावर घाला आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे. आणि गहाण मागायला गेलेल्याने ऋणकोच्या घरात शिरू नये. त्याने दाराबाहेर उभे राहावे आणि ऋणकोने गहाण बाहेर आणून द्यावे. आपल्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुदलाच्या पलीकडे जाऊ दिले नाही, हे या जोडीला ठेवून पाहण्यासारखे आहे. पण दामदुपट रकमेला कुंपण घालते. हा नियम घराच्या उंबऱ्याला घालतो. करड्याला जे घडले ते उंबऱ्याच्या आत घडले होते.

मग ज्याला उसने दिले आहे त्याने ते सोडावे काय? बहुतेक बैठकांत यावर एकमत होत नाही, आणि ते होऊ नये असेच आम्हाला वाटते. ज्याच्या पोराची फी त्या पैशांवर अडली आहे त्याला "सोडून दे" म्हणणे सोपे, कारण म्हणणाऱ्याचे काही जात नाही. कोणी म्हणतो, मुदत वाढवावी. कोणी म्हणतो, मागावे, पण चारचौघांत मागू नये. कोणी म्हणतो, घेणाऱ्याने आपण होऊन येऊन सांगावे की या सुगीला जमत नाही. या तिसऱ्या सूचनेवर सहसा सर्वांत जास्त वेळ बोलणे चालते, कारण दाखल्यातही दोघे देणेकरी पाया पडून मुदतच मागतात. सूट मागत नाहीत. राजाने मागितले त्याहून अधिक दिले. चाकराने मागितले तेवढेही दिले नाही.