डोळे सांभाळू या

साक्षरता वर्गात आम्हांला एक गोष्ट नेहमी दिसते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची माणसे पुस्तक लांब धरतात. हात पुरेनासा झाला की म्हणतात, "गुरुजी, आता या वयात कुठलं वाचायला येणार!"

पण दोष अकलेचा नसतो. दोष असतो डोळ्यांतल्या भिंगाचा. लहानपणी हे भिंग लवचिक असते. जवळचे पाहताना ते फुगते. लांबचे पाहताना चपटे होते. चाळिशीच्या सुमारास ते ताठर होऊ लागते. मग अक्षर पुसट दिसते. सुईत दोरा ओवत नाही. तांदळातला खडा सापडत नाही. म्हणूनच अशा चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. हा रोग नव्हे. चष्म्याने डोळे अधू होतात, ही समजूत खोटी आहे. मात्र दुसऱ्याचा चष्मा लावू नये. डोळे तपासून आपल्या नंबरचा घ्यावा.

पुढे वय झाले की हेच भिंग गढूळ होते. त्याला मोतीबिंदू म्हणतात. कडक ऊन, विडी, चुलीचा धूर आणि मधुमेह यांनी तो लवकर येतो. तेव्हा विडी सोडावी. चुलीचा धूर बाहेर जायला वाट ठेवावी. कोणतेही औषध डोळ्यांत घातले तरी मोतीबिंदू विरघळत नाही. तो काढून तिथे नवे भिंग बसवतात. सरकारी दवाखान्यात हे काम फुकट होते. 'पिकला की मग जाऊ' असे म्हणत थांबायचे कारण नाही.

म्हणजे चाळिशीत आणि मोतीबिंदूत गेलेली नजर परत मिळू शकते. पण एका बाबतीत फार जपले पाहिजे.

मळणीच्या वेळी डोळ्यांत कुसळ जाते. ऊस तोडताना पात लागते. आपण काय करतो? डोळा चोळतो. कुणी पदराच्या टोकाने कुसळ काढतो. कुणी दूध घालतो, कुणी मध, कुणी पाल्याचा रस. यानेच घात होतो. बुबुळावर ओरखडा पडलेला असतो. त्यात घाण जाते आणि जखम चिघळते. जखम बरी झाली तरी पांढरे फूल राहते. त्या डोळ्याची नजर परत आणणे फार अवघड असते.

तर मग काय करावे? डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. तरीही खुपत असेल, लाली असेल, अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मळणी एक दिवस थांबली तरी चालते. डोळा थांबत नाही.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरा विचारा : "आजी, समोरचं नीट दिसतं का?" नाही म्हणाल्या, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. त्यांना दवाखान्यात घेऊन जा.